ट्रायबन, जायंट की ट्रेक? पहिली रोड बाईक घेताना स्टिकर सगळ्यात शेवटी बघा

(ज्यांना ऐकायला वेळ मिळत नाही किंवा बोगद्यात नेटवर्क जातं, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे या भागाचं लिखित रूप. बोलताना जिथे अडखळलो आणि जिथे आकडेमोड चुकलो ते इथे नीट केलंय. बाकी जसं बोललो तसंच आहे.)

[००:००]

आजचा भाग एका व्हॉइस नोटमुळे होतोय. चिपळूणहून एका श्रोत्यानं पाठवलीय. नाव घेऊ नकोस म्हणालाय, कारण सायकलीला किती पैसे घालणार आहे हे त्यानं घरी अजून सांगितलेलं नाही. आपल्यापैकी बऱ्याच जणांनी हे केलेलं आहे, त्यामुळे आपण त्याची बाजू समजू शकतो.

तो म्हणतो, "दादा, पहिली नोकरी लागून दीड वर्ष झालं. साठ हजार साठवलेत. रोड बाईक घ्यायचीय, आणि डिसेंबरात २०० किलोमीटरची ब्रेव्हे करायचीय. यूट्यूब बघून बघून डोकं आउट झालंय. ट्रायबन घेऊ, जायंट घेऊ की ट्रेक? एकच नाव सांग."

एकच नाव सांगता आलं असतं तर हा भाग चाळीस सेकंदांत संपला असता. पण मी टाळत नाहीये. तुझा प्रश्न बरोबर आहे, फक्त त्याचा क्रम उलटा आहे. ब्रँड हा पहिला प्रश्न नाही, तो शेवटून दुसरा वगैरे आहे. हे मला कसं कळलं ते आधी सांगतो, कारण ते शिकायला मला पैसे पडलेत.

[०१:४०]

२०२० साल. लॉकडाउन थोडा उघडलेला, वर्क फ्रॉम होम, आणि सगळ्या जगाला एकदम सायकल हवी झाली होती. पुण्यात दुकानांत फोन केला की एकच उत्तर, "स्टॉक नाही, बुकिंग करा." मी महिनाभर रिव्ह्यू वाचले होते. एक्सेल शीट केली होती, अक्षरशः. वजन, गिअर, किंमत, सगळ्याचे कॉलम. मग एका दुकानातून फोन आला की तुम्हाला हवं ते मॉडेल आलंय, फक्त साइझ एक नंबर मोठी आहे. "काही फरक पडत नाही साहेब, पुढचा स्टेम छोटा लावून देतो."

मी घेतली. ब्रँड मस्त होता, गिअर मस्त होते, रंग तर विचारूच नका. तिसऱ्या आठवड्यापासून तीस किलोमीटर झाले की उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर व्हायला लागलं. तळहाताच्या कडेनं जी नस जाते ती हँडलवर सतत भार पडला की दाबली जाते, हे नंतर कळलं. मान आखडायची. सोमवारी सकाळी कीबोर्डवर 'पी' टाइप करताना बोट दाबलंय की नाही हे कळायचं नाही. आठ महिन्यांनी ती सायकल मी निम्म्याच्या आसपास किमतीला विकली. माझ्या त्या एक्सेल शीटमध्ये सगळं होतं, साइझ हा कॉलमच नव्हता.

दुकानाचं नाव विचारू नका, ब्रँडचंही नाही. सायकल चांगलीच होती. माझी नव्हती, एवढंच.

[०३:३०]

आता ब्रँडकडे येऊ. हे ब्रँड म्हणजे नक्की कोण?

जायंट ही तैवानची कंपनी, १९७२ ची. सुरुवातीला ती दुसऱ्यांसाठी सायकली बनवायची. श्विन नावाची मोठी अमेरिकन कंपनी होती, तिच्या सायकली जायंट करून द्यायची. मग १९८१ च्या सुमारास स्वतःचं नाव लावून विकायला लागली. मेरिडा, तीही तैवानची आणि तीही १९७२ ची. आणि गंमत म्हणजे स्पेशलाइज्ड या अमेरिकन कंपनीत मेरिडाचा मोठा हिस्सा आहे. म्हणजे दुकानात एकमेकांसमोर उभ्या असलेल्या दोन सायकली कधीकधी नात्यातल्याच असतात.

ट्रेक अमेरिकेतली, विस्कॉन्सिन राज्यातली, १९७६ मध्ये एका जुन्या गोदामात सुरू झालेली. ट्रायबन हा डेकॅथलॉनचा ब्रँड, म्हणजे फ्रान्समधल्या लिल शहराजवळचा. त्यांचा रेसिंगचा ब्रँड व्हॅन रिझल. त्या नावाचा अर्थच फ्लेमिश भाषेत 'लिलचा' असा होतो. आपण उगाच कुठल्यातरी डच सायकलपटूचं नाव समजतो. मीही समजायचो.

आता यांच्या साठ-सत्तर हजारांच्या पट्ट्यातल्या सायकली शेजारी शेजारी उभ्या करा आणि मनातल्या मनात स्टिकर सोलून काढा. फ्रेम ॲल्युमिनियमची. पुढचा फोर्क बहुतेक कार्बनचा. गिअर बहुतेक वेळा शिमानोचे, म्हणजे जपानमधल्या साकाई शहरातल्या, १९२१ साली सुरू झालेल्या एकाच कंपनीचे. टायर, सीट, पेडल यांत थोडा इकडे-तिकडे फरक. आपण ज्या फरकावरून ग्रुपवर रात्री दोनपर्यंत भांडतो, तो या किमतीत खरंच फार बारीक असतो. वरच्या किमतीत, दोन-तीन लाखांना, गोष्ट वेगळी. आज ती नको.

मग ब्रँडनं ठरतं तरी काय? माझ्या मते दोन गोष्टी ठरतात. एक, फ्रेमचा आकार, म्हणजे तुम्ही तिच्यावर कसे बसणार. आणि दोन, काही तुटलं तर तो पार्ट तुम्हाला किती दिवसांत मिळणार. बाकीचं स्पेक शीटवर वाचता येतं, त्याला ब्रँडचं नाव लागत नाही.

[०५:५०]

आकार म्हणजे काय ते सांगतो, कारण घोडं इथेच पेंड खातं.

प्रत्येक कंपनीच्या वेबसाइटवर सायकलीच्या पानावर खाली एक तक्ता असतो. त्याला जॉमेट्री म्हणतात. त्यात वीसेक आकडे असतात, ते बघून माणूस पान बंद करतो. त्यातले दोनच बघा. स्टॅक आणि रीच. पेडल ज्या दांड्याभोवती फिरतात त्याचा मधला बिंदू धरा. तिथून सरळ वर, हँडल जिथून निघतं त्या नळीच्या टोकापर्यंत किती उंची, तो स्टॅक. आणि तिथून आडवं पुढे किती अंतर, तो रीच. स्टॅक जास्त आणि रीच कमी असेल तर तुम्ही थोडे ताठ बसता. उलट असेल तर वाकून, ताणून बसता.

आता एकाच कंपनीच्या दोन सायकली घ्या. ट्रेकची डोमाने आणि ट्रेकचीच एमोंडा. जायंटची कंटेंड आणि जायंटचीच टीसीआर. पहिल्या जोडीदाराचा आकार लांब पल्ल्यासाठी, आरामाकडे झुकणारा. दुसऱ्याचा रेसचा. म्हणजे "मी जायंट घेतोय" या वाक्यातून तुम्ही कसे बसणार हे काहीच कळत नाही. जायंटची कुठली, हे विचारावं लागतं. आणि साइझची नावं तर अजून गमतीची. कुणी स्मॉल, मीडियम म्हणतं, कुणी ५२, ५४ म्हणतं. एकाचं मीडियम दुसऱ्याच्या मीडियमइतकं असेलच असं नाही. शर्टाचं बघता ना, एका दुकानात ४० बसतो आणि दुसऱ्यात ४२ लागतो, तसंच. त्यामुळे नाव सोडा, स्टॅक आणि रीचचे मिलिमीटर बघा. तुम्हाला आधीच बरी वाटलेली एखादी सायकल असेल, मित्राची, भावाची, तर तिचे हे दोन आकडे शोधा आणि त्यांच्याशी ताडून बघा. हा माझा सगळ्यात आवडता जुगाड आहे.

स्टेम बदलून, सीट पुढे-मागे करून एक-दोन सेंटिमीटर सांभाळून घेता येतात. अख्खी साइझ सांभाळता येत नाही. दोन साइझच्या मध्ये असाल तर मी लहान घ्या म्हणेन. लहान सायकल थोडी लांबवता येते, मोठी आखूड करायला गेलं की हँडल विचित्र वळायला लागतं. यावर लोक माझ्याशी वाद घालतील. घाला.

आता चिपळूणकर मित्राच्या ब्रेव्हेकडे बघा. २०० ची ब्रेव्हे साडेतेरा तासांत संपवायची असते. भागून बघा, ताशी पंधराच्याही किंचित खालीच सरासरी येते, आणि त्यात चहा, वडापाव, पंक्चर सगळं धरलेलं. म्हणजे वेग हा प्रश्नच नाही. प्रश्न आहे साडेतेरा तास त्या सायकलीवर तुझी पाठ, मान आणि हात काय म्हणणार याचा. रेसच्या आकाराची सायकल ताशी एखादा किलोमीटर जास्त देईलही, पण बधिर बोटांनी ब्रेक दाबता येत नाही. हे मी करून बघितलंय.

[०९:१०]

गिअर. इथे थोडं थांबणार आहे मी, कारण इथेच लोक पैसे चुकीच्या ठिकाणी घालतात.

शिमानोची रोडची उतरंड खालून वर अशी. क्लॅरिसला मागे ८ चक्र, सोराला ९, टियाग्राला १०, आणि वनओफाइव्हला आधी ११ आणि आताच्या पिढीत १२. हल्ली शिमानो खालच्या गटांच्या जागी क्यूज नावाचं नवं कुटुंब आणतेय, त्यामुळे नावं थोडी बदलतील. क्लॅरिसच्याही खाली टूर्नी असते, ७ चक्रांची, सगळ्यात स्वस्त सायकलींवर. तिथे एक गोष्ट बघून घ्या. गिअर बदलायची कळ ब्रेकच्या लिव्हरमध्येच आहे का, की खाली फ्रेमवर नाहीतर हँडलच्या मधोमध आहे? मोकळ्या हायवेवर काही बिघडत नाही. पण हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये समोर रिक्षा कचकन थांबली की एक हात हँडलवरून काढून गिअर बदलणं म्हणजे देवाचं नाव घेण्यासारखं आहे. आणि ७ चक्रांच्या स्वस्त सायकलीत मागची चक्रं बहुतेक वेळा जुन्या पद्धतीनं चाकावर आट्यांनी बसवलेली असतात. पुढे जास्त गिअर टाकायचे म्हटलं की अख्खं चाक बदलावं लागतं. तेव्हा "आत्ता स्वस्त घेतो, नंतर अपग्रेड करतो" हे गणित तिथे जमत नाही.

क्लॅरिसला मात्र कुणी नावं ठेवली की मला राग येतो. आपल्या भाषेत सांगायचं तर ८ स्पीड म्हणजे सायकलीतलं एलटीएस व्हर्जन. चमकदार काही नाही, पण चेन स्वस्त, जाड, आणि तालुक्याच्या गावातही कुणीतरी मिस्त्री ती जोडून देईल. १२ स्पीडची चेन रात्री आठ वाजता कुठल्या हायवेवर मिळणार आहे?

मग किती चक्रं यापेक्षा महत्त्वाचं काय? सगळ्यात हलका गिअर किती हलका आहे. पुढच्या लहान चेनरिंगवर दात किती आणि मागच्या सगळ्यात मोठ्या चक्रावर दात किती, हे दोन आकडे विचारा. पुढे ३४ आणि मागे २८ असेल तर पेडलच्या एका फेऱ्यात चाक ३४ भागिले २८, म्हणजे साधारण १.२१ वेळा फिरतं. पुढे ३४ आणि मागेही ३४ असेल तर बरोबर एकदा. रोड बाईकच्या चाकाचा घेर साधारण २.१ मीटर. चढावर दमलेला माणूस मिनिटाला ६० फेरे मारतो असं धरू. पहिल्या सायकलीचा वेग येतो ताशी ९.२ किलोमीटर, दुसऱ्याचा ७.६.

तुम्ही म्हणाल, मग पहिलीच बरी की, जोरात जाते. पण त्या वेगानं जायची ताकद कोण देणार? समजा तुम्ही आणि सायकल मिळून ८० किलो. चढ ८ टक्क्यांचा, म्हणजे १०० मीटर पुढे गेलं की ८ मीटर वर. नुसतं गुरुत्वाकर्षणाशी भांडायला ९.२ च्या वेगाला साधारण १६० वॅट लागतात, ७.६ ला १३२ च्या आसपास. हवा आणि टायरचं घर्षण वेगळं. अठ्ठावीस वॅटचा फरक ऐकायला किरकोळ वाटतो. पण मी नवा होतो तेव्हा १३० वर गाणं गुणगुणता यायचं आणि १६० वर पाच मिनिटांत जीभ बाहेर. हलका गिअर नसेल तर हळू जायचा पर्यायच राहत नाही. एक तर १६० द्या, नाहीतर फेरे ५० वर येऊ द्या आणि गुडघ्यावर भार घ्या, नाहीतर उतरून ढकला. सिंहगडाच्या वळणांवर रविवारी सकाळी चकचकीत सायकली ढकलणारे लोक दिसतात ना, त्यातले निम्मे अशक्त नसतात. त्यांचं चक्र २८ चं असतं.

चिपळूणला तर कुंभार्ली घाट दारातच आहे. कराडकडे जायचं म्हटलं की तोच. तेव्हा मित्रा, तुझ्यासाठी हा आकडा ब्रँडच्या नावाहून मोठा. मागे ३२ किंवा ३४ असलेलीच बघ. नसेल तर घेण्याआधी दुकानदाराला कॅसेट बदलून दे म्हण, आणि मागचा डिरेलर तेवढं मोठं चक्र झेलतो का हे विचारून घे. बऱ्याचदा झेलतो, नेहमी नाही.

[१३:४५]

आता वजन, कारण यावर सगळ्यात जास्त मेसेज येतात. "दादा ही ९.८ किलोची आहे, ती १०.८ ची. एक किलोसाठी दहा हजार जास्त देऊ का?" वरचंच गणित वापरा. ८० किलोमध्ये एक किलो म्हणजे ऐंशीवा भाग. चाळीस मिनिटांच्या घाटात तुमचे साधारण तीस सेकंद वाचतील. सपाटीवर तर जवळपास काहीच नाही. तीस सेकंदांसाठी दहा हजार द्यायचे असतील तर द्या, पैसे तुमचे आहेत. मी त्याच पैशांत चांगले टायर घेईन.

(इथे मागे जी शिट्टी ऐकू येते ती आमच्या कुकरची आहे. माइकचा दोष नाही.)

टायरचं एका वाक्यात. २५ मिलिमीटरपेक्षा २८ बरे, आणि फ्रेममध्ये त्याहून जाड टायरला जागा असेल तर अजून बरं, कारण आपले रस्ते हे आपले रस्ते आहेत.

ब्रेकवर थोडं जास्त. रिमला घासणारे ब्रेक हलके असतात, स्वस्त असतात, आणि घरी एका पान्यानं दुरुस्त होतात. कोरड्या हवेत मला त्यांच्याबद्दल काही तक्रार नाही. पण पावसात रिमवर पाणी आणि चिखल बसतो, पहिला काही सेकंद रबर नुसतं पाणी पुसत राहतं, आणि मग ब्रेक लागतो. घाटाच्या उतारावर ते सेकंद फार लांब वाटतात. त्यात कोकणातली लाल माती रिमला सॅंडपेपरसारखी घासते. डिस्क ब्रेकची चकती चाकाच्या मधोमध, चिखलापासून लांब असते. या बजेटमध्ये डिस्क मिळाली तर ती बहुतेक तारेवर चालणारी असते, तेलावर चालणारी नाही. तारेवरची जास्त जोरात दाबावी लागते, पण पावसात रिमपेक्षा भरवशाची. तुझ्या भागातला पाऊस बघता मी डिस्कच म्हणेन. सोलापूरचा कुणी विचारत असता तर मी रिम घे आणि उरलेले पैसे खिशात ठेव म्हणालो असतो.

[१६:२०]

आता ती दुसरी गोष्ट. तुटल्यावर काय?

माझी दुसरी सायकल. साइझ बरोबर, गिअर बरोबर, दीड वर्ष मजेत चालली. एके दिवशी सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभी होती, कुणाचा तरी धक्का लागला आणि उजव्या बाजूला पडली. बस एवढंच. मागच्या डिरेलरला फ्रेमशी जोडणारा बोटाएवढा ॲल्युमिनियमचा तुकडा असतो, त्याला हँगर म्हणतात. तो मुद्दाम मऊ धातूचा करतात, म्हणजे धक्का लागला तर तो वाकावा आणि महागडी फ्रेम वाचावी. आपल्या घरातल्या फ्यूजसारखा. तर तो फ्यूज उडाला. बरोबर आहे, त्याचं कामच ते.

पण प्रत्येक फ्रेमचा हँगर वेगळा. दुसऱ्या मॉडेलचा लागत नाही. दुकानात विचारलं तर म्हणाले मागवावा लागेल. किती दिवस? "येईल साहेब." पाच आठवडे आला नाही. काही शे रुपयांच्या तुकड्यासाठी अख्खी सायकल पाच आठवडे गॅलरीत उभी, आणि त्याच काळात मी ज्या राइडसाठी चार महिने तयारी केली होती ती होऊन गेली. मित्रांचे फोटो बघत बसलो.

तेव्हापासून मी कुणालाही सायकल घेताना एकच सांगतो. बिल होण्याआधी त्याच मॉडेलचे दोन हँगर मागा. एक घरी, एक सीटखालच्या पिशवीत. आणि दुकानदार तो हँगर तुमच्या हातात किती दिवसांत देऊ शकतो, यावरून त्या ब्रँडची तुमच्या गावातली खरी किंमत कळते. लगेच काउंटरखालून काढून दिला तर समजा की त्याच्याकडे बाकीचंही मिळेल. "हँगर म्हणजे?" असं विचारलं तर नमस्कार करून बाहेर या.

फ्रेमवर अनेक कंपन्या पहिल्या मालकाला आजीवन वॉरंटी देतात, ती जाहिरातीत मोठ्या अक्षरांत असते. पण फ्रेम क्वचित तुटते. तुटतं ते हँगर, तार, बेअरिंग, स्पोक. त्यासाठी वॉरंटीचं कार्ड नाही, जवळचं दुकान लागतं. आणि ब्रँड चांगला की वाईट हे इंटरनेटवर ठरत नाही, तुमच्या घरापासून दीड तासाच्या अंतरात ठरतं. पुण्यातल्या माणसाचं उत्तर आणि चिपळूणच्या माणसाचं उत्तर म्हणूनच वेगळं येऊ शकतं.

[१९:३०]

बरं, आता तरी नावं घे, असं तुम्ही मोबाईलकडे बघून म्हणत असाल. घेतो. ही माझी मतं आहेत, कुणी मला फुकट सायकल दिलेली नाही. दिली तर सांगीन.

ट्रायबनची ताकद म्हणजे त्याच पैशांत थोडे वरचे पार्ट. आरसी ५०० मध्ये सोरा आणि तारेची डिस्क, आरसी ५२० मध्ये वनओफाइव्ह, आणि बसायला आरामाचा आकार. कुणी 'डेकॅथलॉनची सायकल' म्हणून नाक मुरडलं तर मुरडू द्या. मात्र गाठ त्याच दुकानाशी बांधली जाते. ते जवळ असेल तर उत्तम, नसेल तर पार्टसाठी तिथेच खेटे घालावे लागतात. एक गोष्ट सगळ्याच ब्रँडला लागू. गिअरचं नाव एका गटाचं लिहिलेलं असलं तरी चेन, क्रँक, ब्रेक दुसऱ्याच कुणाचे असू शकतात. पूर्ण यादी वाचा.

जायंट कंटेंड ही मला सगळ्यात 'कंटाळवाणी' सायकल वाटते, आणि हे कौतुक आहे. फ्रेम नीट, आकार मध्यममार्गी. ट्रेकची डोमाने एएल त्याच जातीची, बसायला अजून थोडी ताठ, पण त्याच पैशांत गिअर बहुतेकदा एक पायरी खालचे मिळतात. फरकाचे पैसे फ्रेमला आणि डीलरच्या सेवेला जातात असं समजा. तुमचा डीलर चांगला असेल तर ते पैसे वाया जात नाहीत. स्कॉटची स्पीडस्टर, मेरिडाची स्कल्टुरा याही बघा, विशेषतः जुन्या वर्षाचा स्टॉक पडलेला असेल तर. गेल्या वर्षीचा रंग कुणाच्या पायाला बोचत नाही. फायरफॉक्स आता हीरो सायकल्सच्या घरातली आहे आणि मॉन्ट्रा चेन्नईच्या टीआय सायकल्सची, त्यांच्या दुकानांचं जाळं लहान गावांत पोचलेलं असतं. तिथे मॉडेलनुसार फरक पडतो, म्हणून पुन्हा तेच, चक्राचे दात मोजा.

परदेशी किमती बघून हळहळू नका. पूर्ण सायकल बाहेरून आली की आयात कर लागतो. २०२३ च्या बजेटमध्ये तो ३० टक्क्यांवरून ३५ वर नेला होता. दुसरीकडे सप्टेंबर २०२५ पासून सायकलींवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आलाय, तेव्हा जुन्या व्हिडिओतली किंमत पाठ असेल तर दुकानात नव्यानं विचारा.

आणि साठ हजार म्हणजे साठ हजारांची सायकल नव्हे. हेल्मेट, पुढचा-मागचा दिवा, पंप, दोन ट्यूब, गादीची चड्डी (हसू नका, २०० किलोमीटरला तीच देव), हे सगळं धरून आठ-दहा हजार बाजूला काढ. ब्रेव्हेला रात्रीच्या अंधारासाठी दिवे आणि अंगावर चमकणारं जॅकेट लागतंच. म्हणजे सायकलीला राहिले पन्नास. जुनी घेणार असशील तर फ्रेमचे जोड बोट फिरवून बघ, भेग असेल तर सोड, आणि ज्याला कळतं अशा कुणाला तरी घेऊन जा.

[२३:४०]

तर मी त्याला सांगितलं की एक रविवार काढ आणि पुण्याला ये. किमान तीन सायकलींवर बस. पार्किंगमध्ये एक गोल चक्कर म्हणजे ट्रायल नव्हे, ओळखपत्र देऊन वीस मिनिटं मागून घे. दहा मिनिटांनी खांदे कानाकडे चढायला लागले, किंवा कोपर एकदम ताठ झाले, तर ती सायकल तुझ्यासाठी लांब आहे, दुकानदार काहीही म्हणो.

तो आला. गेल्या रविवारी. मी बरोबर गेलो होतो. ज्या सायकलीचा फोटो त्यानं सहा महिने वॉलपेपरला ठेवला होता, तिच्यावर पहिले बसला. खाली उतरला आणि काही बोलला नाही. मला तो चेहरा ओळखीचा आहे. मग दुसरी. तिसरी त्यानं आधी यादीतही धरली नव्हती, रंग करडा, मागच्या वर्षीची, क्लॅरिस, मागे ३४, तारेची डिस्क. वीस मिनिटांच्या जागी चाळीस मिनिटांनी परत आला. मी बाहेर उभा राहून दोन चहा संपवले.

कुठली घेतली ते मी सांगणार नाही, कारण उद्या तुम्ही सगळे तीच मागाल आणि तुमच्यातल्या निम्म्यांना ती बसणार नाही. काल रात्री त्याचा मेसेज आला. घरी सांगितलं म्हणे. आई म्हणाली एवढ्या पैशांत सेकंडहँड स्कूटी आली असती, आणि वडील काही न बोलता खाली जाऊन चाक फिरवून बघत बसले.

मी विचारलं, हँगर घेतलास का?

म्हणाला, दोन.